आधी गिरकी, मग शांतता

त्या दुपारचा पंचनामा मला अजून पाठ आहे. निफाडकडच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. द्राक्षबागांच्या शेजारी हेलिकॉप्टर पडल्याचा फोन आला. पोहोचलो तेव्हा मोकळ्या रानात ते एका कुशीवर आडवं झालेलं. पायलट बाईंचा खांदा निखळला होता. दोघा प्रवाशांचं खरचटण्यावर निभावलं होतं.

इंजिनचा खटका बंद स्थितीत होता. तासाभरात कंपनीचा व्यवस्थापक हजर. म्हणाला, "बाई घाबरल्या आणि हवेतच इंजिन बंद केलं. त्यांच्यावर गुन्हा घ्या."

रुग्णालयात मी बाईंना सरळ विचारलं, "इंजिन तुम्ही बंद केलंत?"

"हो, मीच."

सोबतच्या हवालदाराने वही मिटलीसुद्धा. मी त्याला ती उघडायला लावली.

"का केलंत?"

"शेपटीचा छोटा पंखा हेलिकॉप्टर सरळ धरतो. तो निकामी झाला की वरच्या मोठ्या पंख्याच्या जोराने सगळं धड उलटं गरगरतं. इंजिन बंद केलं की तो जोर संपतो. मोठा पंखा मग खालून येणाऱ्या हवेवर फिरत राहतो, त्याच्या आधाराने उतरायचं. प्रशिक्षणात हे इतक्या वेळा घोटून घेतात, की हात आपोआप जातो."

"विचार करायला वेळ किती मिळतो?"

"मिळतच नाही, साहेब. म्हणून तर घोटून घेतात."

म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की आधी काय झालं: गिरकी, की इंजिन बंद? ठाण्यात येऊन जमादाराने लिहून घेतलेले चार साक्षीदारांचे जबाब वाचले. चारही जबाबांत अक्षरशः एकच वाक्य: 'इंजिन बंद पडून हेलिकॉप्टर गरगरत खाली आले.' चार माणसं एकसारखं बोलत नाहीत. हे वाक्य त्या जमादाराचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या एका मेकॅनिकचा फोन आला. "साहेब, शेपटीचा पंखा फिरवणाऱ्या शाफ्टची तक्रार मी रजिस्टरला लिहिली होती. ते पान आता बदललंय. माझ्याकडे जुन्या पानाचा फोटो आहे."

त्याला जबाबासाठी बोलावून मी थेट बागेत गेलो. त्या चार साक्षीदारांपैकी एक मजूर बाई तिथे द्राक्षांची विरळणी करत होत्या.

"मावशी, काय पाहिलंत? सावकाश सांगा."

"आधी ते भवऱ्यावानी फिरलं. मंग आवाज बंद झाला, आन् फिरायचं थांबलं. मंग खाली आलं."

"जबाबात तर उलटं आहे."

"म्या असंच सांगितलं व्हतं. लिहिणाऱ्या साहेबांना लय घाई व्हती."

तिथेच बांधावर बसून मी त्यांचा पुरवणी जबाब घेतला.

चौकशीत व्यवस्थापक दोन तास एकच म्हणत राहिला, "तक्रार आलीच नव्हती." मी मेकॅनिकचा फोटो समोर ठेवला. त्याने पाणी मागितलं, अर्धा ग्लास प्यायला आणि म्हणाला, "तक्रार आली होती, पण त्या दिवशीचं उड्डाण माझ्याच्याने रद्द करवलं नाही."

पुढे तांत्रिक तपासात शाफ्ट तुटल्याचं सिद्ध झालं. दोषारोपपत्र व्यवस्थापकावर गेलं. पायलट बाई आता नव्या पायलटांना शिकवतात.

त्यांची कबुली शंभर टक्के खरी होती. मात्र ती तेवढीच ऐकून थांबलो असतो, तर तीन जीव वाचवणाऱ्या बाईला मी आरोपी केलं असतं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक नव्या उपनिरीक्षकाकडून एक गोष्ट घोटून घेतली. जबाब साक्षीदाराच्या शब्दांत लिहायचा, त्याला वाचून दाखवायचा, आणि तो "बरोबर" म्हणाला तरी पुन्हा विचारायचं: आधी काय झालं?