गावाच्या वाट्याची विमानातली जागा

विमानात बसायला मिळणार हे कळलं त्या दिवशी मी वरणात दोनदा मीठ घातलं, आणि यांनी ते मुकाट्याने खाल्लं. यांचंही चित्त ठिकाणावर नव्हतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्यात आमचा दवाखाना खाली आणि आम्ही वर राहायचो. आमच्या दोघांच्या सात पिढ्यांत कुणी विमानात बसलेलं नव्हतं. माझ्या माहेरी तर विमानाचा आवाज आला की बायका अजून अंगणात धावत यायच्या.

विमान आमच्या दारात आणलं ते औषध कंपनीच्या एमआरने, म्हणजे विक्री प्रतिनिधीने. भर उन्हाळ्यात गळ्यात टाय बांधून, मोटारसायकलवरून धूळ खात येणारा हसरा मुलगा होता तो. मला वहिनी म्हणायचा, आणि कधी रिकाम्या हाताने आला नाही. आमच्या बैठकीतल्या घड्याळावर जंतांच्या औषधाचं नाव होतं, पाण्याच्या जगवर खोकल्याच्या औषधाचं. नणंदेला बघायला पाहुणे आले तेव्हा मी त्या घड्याळावर घाईघाईने तोरण टांगलं होतं. पण फुकटचं घड्याळ वेळ बरोबर दाखवायचं आणि मला ते आवडायचं, हे कबूल करायला माझं काही जात नाही.

पूर्वी आमच्या दवाखान्यात कंपाउंडर बाटलीत लाल औषध भरून द्यायचा, बाटलीला डोसाच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवायचा आणि पेशंट ती बाटली पिशवीत घालून गावाला जायचा. मग हळूहळू बाटल्या कमी झाल्या आणि चिठ्ठ्या वाढल्या. त्यात एमआरच्या कंपनीची ही शक्तीची लाल कॅप्सूल आली. ताप गेला की अशक्तपणा राहतो, अशक्तपणाला ही कॅप्सूल. पांझरेकाठच्या एका गावातले लोक पिढीजात आमच्याकडे यायचे. त्या वर्षी तिथे तापाची साथ आली आणि ती कॅप्सूल त्या गावात घरोघरी पोचली. महाग होती. लोक पूर्वी दवाखान्यातून हसत निघायचे, आता शेजारच्या मेडिकलच्या काउंटरवर कमरेची पिशवी सोडून उभे राहायचे. मी वरून बघायचे. पण शक्ती येते म्हणतात तर येत असेल, असं म्हणून मी आत जायचे.

तर एके दिवशी एमआर जिना चढून वर आला आणि म्हणाला, "वहिनी, बॅग भरा. सरांची निवड झालीय. गोव्याला कॉन्फरन्स आहे. मुंबईहून विमान, समुद्राकाठचं हॉटेल, आणि तुम्हीसुद्धा." मी त्याला चहाबरोबर शेवेचा चिवडा दिला, वर दोन लाडू दिले. खाली उतरताना बाकावर बसलेल्या पेशंटांच्या देखत त्याने यांचा हात हातात घेतला. "सर, तुमच्या त्या गावाने कमाल केली. लाल कॅप्सूलमध्ये सगळ्या भागात त्यांचा पहिला नंबर," तो म्हणाला. बाकावर त्याच गावची माणसं होती. त्यांनी ते नीट ऐकलं आणि गावी नेलं.

आठवड्याभरात गावाहून सत्काराचं बोलावणं आलं. न्यायला ट्रॅक्टर आला होता, त्याच्या बोनेटला झेंडूची माळ होती. मी ठेवणीतली पैठणी नेसले आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर घट्ट धरून बसले. आपण आत्ताच विमानात बसलोय असंच मला वाटत होतं. मारुतीच्या पारावर सतरंजी अंथरली होती, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. यांना शाल आणि नारळ दिला, माझी खणानारळाने ओटी भरली. गावच्या दूध सोसायटीचे म्हातारे चेअरमन, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते बोलायला उभे राहिले.

"आम्हना गावनं नाव व्हयनं," आबा आपल्या अहिराणीत म्हणाले. "आपली दूध सोसायटीनी सहल निंघनी, तव्हय ज्यानी जास्त दूध घालं तो गुजरातनी डेअरी दखाले गया. सेक्रेटरी एकला नही गया." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, कारण कुठे चाललंय हे मला कळलं नव्हतं. आबा पुढे म्हणाले, "आते औषधन्या गोया गावनी खाद्यात. मंग गावनं एक मानूस डॉक्टरना बरोबर विमानमा बठाले पाहिजे. काल आठेच आम्हीन चिठ्या टाक्यात. अक्कानं नाव निंघनं."

टाळ्या पडल्या. बायकांमधून एक सडपातळ म्हातारी उठली आणि येऊन माझ्या शेजारी टेकली. ह्या अक्का. तापातून उठल्यावर यांनी त्यांना महिनोन्महिने ती कॅप्सूल चालू ठेवली होती, त्यामुळे चिठ्ठीत त्यांचंच नाव निघालं हे गावाला फार रास्त वाटत होतं. त्यांनी माझ्या पैठणीचा पदर बोटांनी चाचपून पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "माले खिडकी नको, माय. माले चक्कर येस. खिडकीमा तू बस."

खरं सांगते, मला हसू आलं. म्हाताऱ्या बाईने मला खिडकी देऊन टाकली होती, आणि तिला न्यायचं कसं हे तर देवालाही सांगता आलं नसतं. कुणी थट्टा करत नव्हतं. त्या गावाचा हिशेब सरळ होता, ज्याने माल घातला त्याला बोनस. मी यांच्याकडे पाहिलं. शाल अंगावर तशीच, आणि हे घामाने चिंब. मला वाटलं, काहीतरी थाप मारतील, पुढच्या वेळी बघू म्हणतील. पण हे थापा मारण्यात कच्चे, आणि त्या पारावर यांच्या डॉक्टर वडिलांनाही त्याच लोकांनी नारळ दिलेला.

"आबा, तसं नाही," हे म्हणाले. "कंपनी औषध खाणाऱ्याला नेत नाही. लिहिणाऱ्याला नेते."

"काब्रं?" आबांनी विचारलं.

"लिहिणाऱ्याने आणखी लिहावं म्हणून."

"मंग ती विमानना पैसा कोठेन आनस?"

यांनी शालीच्या दशा बोटाला गुंडाळल्या. मग म्हणाले, "गोळीच्या किमतीत धरते."

मी मनात म्हटलं, आता शाल परत मागतील, ओटीतला नारळही मागतील. आबा सावकाश खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "म्हंजे टिकीट आम्हीनच काढेल शे."

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर मीही चार शब्द ऐकवले असते, तोंडाने मी काही कमी नव्हते. पण आबा हिशेब करून मोकळे झाले होते. "मंग जा," ते म्हणाले. "काढेल टिकीट वाया नको जावाले. पन ईसन आम्हले बठ्ठं सांगा." अक्कांनी माझ्या हातावर दशम्यांचं गाठोडं ठेवलं. स्वतःच्या प्रवासासाठीच त्यांनी त्या सकाळी दुधात पीठ भिजवून भाजल्या होत्या.

आणि आम्ही गेलो. जाऊ नये असं हे दोन दिवस म्हणत होते. मी म्हटलं, गावाने सांगितलंय सगळं बघून या, आता न जाऊन कसं चालेल? माझा जीव त्या विमानात अडकला होता हेही खरं. विमान धावायला लागलं तेव्हा मी यांचं मनगट असं धरलं की बांगड्यांचे वळ उठले. जमीन सुटली आणि मी मोठ्याने हसायला लागले. कापसासारखे ढग खाली होते, खाली! दशम्या मी ढगांच्या वर बसून खाल्ल्या, समोर कंपनीने दिलेलं केकचं खोकं तसंच ठेवून. एवढा आनंद मला त्याआधी झाला नव्हता, आणि तो खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

परत आल्यावर आम्ही त्याच पारावर गेलो. या वेळी बोलायचं काम माझं होतं. मी बेल्ट कसा बांधतात ते पदराने करून दाखवलं. कानात दडे कसे बसतात, हवाईसुंदरी चॉकलेटं कशी वाटते, समुद्र वरून कसा निळ्या चादरीसारखा दिसतो, सगळं सांगितलं. लोक पुढे सरकत आले. मधेच कुणी विचारायचं, इंजिन किती मोठं, पंखे दिसतात का, आतमध्ये शिंकलं तर चालतं का. मी उभी राहिले, हात पसरून पाराभोवती फिरले, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. स्वतःची वस्तू दुरुस्त होऊन घरी आल्यावर माणूस जशी ती फिरवून फिरवून बघतो, तसे ते माझ्याकडून ते विमान बघत होते. मला फार मजा येत होती.

अक्का पुढे बसल्या होत्या. त्या मघापासून हसत होत्या, पण गालाची हाडं वर आलेली होती, आणि हसून झालं की त्यांना धाप लागायची. माझं सांगून संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आनि तठे डॉक्टरले काय दखाडं?"

मी सांगितलं. थंडगार मोठा हॉल होता, अंधार करून पडद्यावर चित्रं दाखवली, आणि एका नव्या कॅप्सूलची माहिती दिली. ती हिरवी आहे, लालपेक्षा भारी आहे, आणि तिचं खोकं आमच्याआधीच दवाखान्यात येऊन पोचलंय.

"भारी म्हंजे महाग?"

"महाग," मी म्हटलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उद्या कुठलं काम काढायचं असं विचारावं, तसं त्यांनी विचारलं, "मंग ते भी आम्हलेच खानं पडी का?"

हे मान खाली घालून बसले होते. विचारलं होतं यांना, चिठ्ठी लिहिणार होते हे, माझा त्यात काहीही अधिकार नव्हता. मी भर पारावर म्हणाले, "नाही." यांनी मान वर केली आणि सगळ्या गावासमोर माझ्याकडे बघत राहिले.