झोपणाऱ्या बाईच्या डोळ्यांखालचं काळं

“गोळी नका लिहू, डॉक्टरीणबाई. झोप भरपूर होते माझी. दिवसाचे सहा तास, तेही पगारी.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. समोर अठ्ठावन्न वर्षांची बाई, अंगानं खणखणीत, आणि दोन्ही डोळ्यांखाली तव्याच्या बुडाला धरतं तसलं काळं. असे डोळे घेऊन येणारी माणसं झोप मागायला येतात. ही काळं घालवून मागायला आली होती, आणि शनिवारच्या आत.

“करता काय तुम्ही?”

“झोपते,” ताई म्हणाली. “गाद्यांच्या दुकानात.”

यात थापेचा भाग नव्हता. अकरा वर्षांमागं ती त्या दुकानात झाडलोटीला लागली. एका दुपारी काच पुसता पुसता कंबर टेकायला म्हणून दर्शनी खिडकीतल्या गादीवर पडली आणि तिथंच घोरायला लागली. मालक खेकसायला आले, तर काचेबाहेर सात माणसं उभी. त्यातल्या दोघांनी तिथल्या तिथं गादी घेतली. दुसऱ्या दिवशी मालकांनी झाडू दुसरीच्या हातात दिला आणि ताईच्या हातात उशी.

तेव्हापासून हेच. साडेदहाला आडवं व्हायचं, एकाला डबा खायचा, दोनला पुन्हा आडवं. अर्ध्या तासानं कूस बदलायची, म्हणजे गादीच्या दोन्ही कडा गिऱ्हाइकाला दिसतात. उताणं झोपायचं नाही, घोरणं बाहेर ऐकू जातं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे गिऱ्हाईक आत असताना काही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत. एकदा तिच्या पायावर कुणाची तरी छत्री पडली होती. तरीही उघडले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून सांगितलं की या काळ्याचा झोपेशी फारसा संबंध नाही. वय झालं की डोळ्यांखालची कातडी पातळ होते आणि आतलं निळंजांभळं वर दिसायला लागतं. ताईच्या आईलाही होतं का? होतं. मग हा वारसा. ताई मनात म्हणाली, भावाला घर गेलं, मला हे आलं. जाणार नाही, झाकता येईल, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

शनिवारचं निमित्त असं झालं होतं. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक बाई काचेजवळ वाकून बघत होत्या. बघता बघता म्हणाल्या, अकरा वर्षं या गादीवर झोपून हिचे डोळे असे, तर आमचे कसे होतील? आणि सरळ समोरच्या दुकानात गेल्या. मालकांना ते चांगलंच लागलं. शनिवारी चाळीस खोल्यांच्या विश्रामगृहाच्या मॅनेजरबाई गाद्या बघायला येणार होत्या. मालकांनी ताईला बोलावून सांगितलं की तोवर काळं गेलं पाहिजे, नाहीतर सोमवारपासून खिडकीत माझी मेहुणी झोपेल. मेहुणीचे डोळे टवटवीत होते. तिला एका जागी पाच मिनिटं पडवत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

ताई दवाखान्यातून तडक धाकट्या भावाच्या गॅरेजात गेली. भाऊ गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. सगळे त्याला पत्र्या म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा.

“पत्र्या, नोकरी गेली तर मी झोपू कुठं?”

“घरी झोप. मालकानं तीच गादी दिलीय ना तुला?”

“दिलीय. पण घरी बघायला कुणी नसतं रे. कुणी बघत असलं तरच मला झोप लागते आता. अकरा वर्षांची सवय. घरी आढ्याकडं बघत पडून राहते.”

पत्र्यानं हातातली हातोडी खाली ठेवली. बहीण रडणारी नव्हती आणि रडतही नव्हती, म्हणून त्याला जास्त काळजी वाटली.

आदल्या दिवशी ताई पार्लरवालीकडं जाऊन आली होती. तिनं डोळ्यांखाली दाट पांढुरकं काहीतरी थापलं, वरून पावडर दाबली. पार्लरातल्या आरशात झकास दिसलं. डब्याच्या सुट्टीपर्यंत त्याला आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या आणि काळ्याचं राखाडी झालं. पत्र्यानं त्याचा उरलासुरला थर नखानं खरवडून बघितला.

“पुट्टी जाड भरलीय. जुना पत्रा सारखा हलतो, त्यावर जाड पुट्टी तडकणारच. आणि निळ्यावर पांढरं मारलं की राख दिसते, हे कुणीही सांगेल. खाली नारिंगी पाहिजे.”

“माझं तोंड आहे ते, बॉनेट नाही.”

“तोंडाला गॅरंटी देत नाही मी. बॉनेटला देतो.”

शुक्रवारी दोघं सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेली. गाडीचा रंग जुळवायचा तर पत्र्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून घेऊन जायचा, कारण ऊन न लागलेला मूळ रंग तिथं सापडतो. माणसाला झाकण नाही. त्यानं विचार केला आणि ताईचा कान पुढं दुमडून त्याच्यामागं एकेक नळी लावून बघायला सुरुवात केली. काउंटरवरची पोरगी म्हणाली, काका, गालावर बघतात. पत्र्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. एकवीस वर्षं रंग जुळवणाऱ्या माणसाला नळ्या विकणारीनं शिकवावं, म्हणजे अतीच झालं.

शनिवारी सकाळी साडेसातला गॅरेजात काम सुरू झालं. ताई दार काढलेल्या गाडीच्या सीटवर बसली. पत्र्यानं तीनदा साबणानं हात धुतले आणि सवयीनं पॉलिश पेपर उचलला.

“तो कागद गालाला लागला तर तुझी बोटं मोडीन,” ताई म्हणाली. कागद खाली गेला.

त्यापुढचं काम मात्र कुणीही बघत राहावं असं होतं. आधी क्रीमचा हलका हात, आणि ते मुरेपर्यंत पत्र्या घड्याळाकडं बघत बसला. मग नारिंगी, तेही फक्त जिथं काळं तिथंच, मुगाच्या दाण्याएवढं. बोटावर आधी गरम करून घेतलेलं. घासायचं नाही, नुसतं थापटत जायचं. त्यावर रंगाचा इतका पातळ हात की लावलाय का नाही कळू नये. पावडर अजिबात नाही. काळं गेलं. खरोखरच गेलं.

इथं तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण कानामागची कातडी म्हणजे उन्हात न गेलेली ताई. डोळ्यांखाली विशीतल्या पोरीचे दोन तुकडे बसवल्यासारखे दिसायला लागले आणि भोवती अठ्ठावन्न वर्षांचा चेहरा जसाच्या तसा. पत्र्या चार पावलं मागं गेला, एक डोळा मिटून बघितलं. ठिगळ दिसलं तर ठिगळावर हात मारत बसायचं नसतं, अख्खा पत्रा मारायचा असतो, हा त्याच्या धंद्याचा नियम. कपाळापासून गळ्यापर्यंत त्यानं सगळी नळी संपवली. सुरकुत्या भरल्या. कडा जुळवल्या. भुवया तेवढ्या सोडल्या.

वहिनी चहा घेऊन आली. बराच वेळ बघून म्हणाली, “काम सुबक झालंय. पण वन्सं कुठंयत?”

धुवायला वेळ नव्हता, बस निघत होती. बसमध्ये कंडक्टरनं ताईला तिकीट विचारलं नाही. तिच्या शेजारच्या माणसाला विचारलं, हे सामान तुमचं का?

दुकानाची एक किल्ली ताईकडं असायची, दुसरी मालकांच्या घरी. तिनं शटर उघडलं, चादर ताणली, आडवी झाली. मालक पावणेअकराला आले आणि खिडकीशी थबकले. आदल्या दिवशीच मेहुणी म्हणाली होती की दिवसभर पडून राहायचं तिला जमायचं नाही, त्यापेक्षा पुतळा आणा. मालकांना वाटलं, बया भलतीच तडफदार निघाली, रातोरात आणलाही. ताई मात्र शनिवारी दांडी मारून बसली, म्हणजे पळाली. ते स्वतःशीच म्हणाले, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

ताईला सगळं ऐकू येत होतं. तोंड उघडावं, तर मालकांच्या मागूनच मॅनेजरबाई आत आल्या. गिऱ्हाईक आत, म्हणजे डोळे बंद.

मालकांनी पुतळ्याची तारीफ सुरू केली. नवा माल आहे, बाहेरून मागवलाय, काळी वर्तुळं नाहीत, पगार नाही, डबा नाही. ताईनं हे सगळं मिटल्या डोळ्यांनी गिळलं. मॅनेजरबाईंना गादीची खालची बाजू बघायची होती, तर मालकांनी ताईला काखेत हात घालून कडेला लोटलं आणि म्हणाले, वजनदार आहे, भक्कम बनावट. ताई लोटली गेली तशी पडली. अर्धा तास झालेलाच होता, तिनं कूस बदलल्याचं धरलं.

“पुतळ्याला काय कळतंय गादी मऊ का टणक,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “मीच पडून बघते.”

त्या बूट काढून ताईच्या शेजारी आडव्या झाल्या. मालक बिलबुक आणायला आत गेले. खिडकीत आता दोन डोकी एका उशीवर. पन्नाशीच्या पुढच्या मॅनेजरबाईंच्याही डोळ्यांखाली थर होता आणि त्यालाही भेगा होत्या. त्यांनी कूस वळवली. पुतळ्याचा श्वास त्यांच्या नाकावर आला. त्या ओरडल्या नाहीत. चाळीस खोल्या सांभाळलेली बाई होती, कुठल्या खोलीत काय सापडेल याचं तिला नवल राहिलं नव्हतं. थोडा वेळ त्या जवळून बघत राहिल्या.

“काय लावता?” त्यांनी हळूच विचारलं.

नियम डोळ्यांचा होता, तोंडाचा नव्हता. “खाली नारिंगी, वर पातळ हात,” ताई डोळे मिटूनच पुटपुटली. “नुसतं थापटायचं. पावडर नाही. आणि रंग गालावर जुळवायचा, कानामागं नाही. माझा भाऊ गाड्या रंगवतो.”

मालक बाहेर आले तेव्हा मॅनेजरबाई गादीवर उठून बसल्या होत्या.

“या बाईंना आधी तोंड धुवू द्या,” त्या म्हणाल्या. “रंगवलेलं माणूस बघून मी गादी घेत नाही. खरी झोपलेली बघू दे मला.”

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण ताईकडं तो बघायला वेळ नव्हता. मागच्या मोरीवर तिनं साबणानं तीनदा तोंड धुतलं. पाणी गव्हाळ गेलं, मग नारिंगी गेलं, मग स्वच्छ. काळं होतं तिथंच होतं. आता जे व्हायचं ते होऊ दे म्हणून ती खिडकीत येऊन आडवी झाली. मॅनेजरबाई खुर्ची ओढून समोर बसल्या आणि टक लावून बघायला लागल्या. एवढ्या जवळून, एवढ्या मन लावून अकरा वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. ताई तीन मिनिटांत गाढ झोपली.

मॅनेजरबाईंनी वीस मिनिटं बघितलं. “असले डोळे घेऊन बाई अशी झोपते, तर गादीत काहीतरी आहे,” असं म्हणून त्यांनी चाळीस गाद्या सांगितल्या, बिलावर सही केली आणि पत्र्याच्या गॅरेजचा पत्ता मागून घेतला.

ताईला मालकांनी एक वाजता उठवलं. मेहुणीचं काय झालं ते तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की ते काळं राहू दे, दुकानात लावायचं नाही काही. ताई म्हणाली, बरं, मग सुट्टीच्या दिवशी लावीन, जागी असते तेव्हा.

डबा खाताना तिनं वहिनीच्या फोनवर पत्र्याला कळवलं की नोकरी राहिली. तो विचारत होता, रंग टिकला का? ती म्हणाली, संध्याकाळी येते, तेव्हा बोलू, आता वेळ नाही. दोन वाजत आले होते. तिनं डबा विसळला, उशी झटकली, काचेबाहेर कोण कोण उभं आहे ते एकदा बघून घेतलं आणि डाव्या कुशीवर झाली.