सुधाकरकाकांचं टीव्ही स्टेशन

टीव्ही स्टेशनसाठी अर्ज केला की स्टेशन मिळो न मिळो, किस्से मात्र ढीगभर मिळतात. आमच्या ग्रुपला विचारा!

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावाच्या भागासाठी एक नवा चॅनल निघाला. सरकारी लायसन्स एक आणि अर्ज तीन. दोन बड्या मीडिया कंपन्या, तिसरे आम्ही चार मराठी टाळकी! आमचे म्होरके सुधाकरकाका, कार कंपनीत इंजिनियर. अर्ज टाइप करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

मालक गावातच राहून स्वतः स्टेशन चालवणार असेल तर जास्त मार्क. म्हणून आमच्या वकिलाने काकांना अर्जात लिहायला लावलं, "मी नोकरी सोडेन." म्हणजे लायसन्स मिळाल्यावर हो! काकांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला.

"सही केलीय मी. खोटं ठरायचं का?"

झालं! घर काकूंच्या लॅबमधल्या पगारावर आणि सगळी भिस्त लायसन्सवर.

*

गावाला काय हवंय, हे गावातल्या मोठ्या लोकांना विचारून अर्जात लिहायचं होतं. फायर चीफ दहा मिनिटांसाठी काकांकडे आला. काकू कुणाला तसंच जाऊ देतील? साबुदाणावडे तीनदा घेऊन तो म्हणाला, "गावाला हे हवंय!"

काकांनी तेही अर्जात घातलं. मी टाइप केलंय यार, खोटं कशाला सांगू?

*

बड्या कंपन्यांचे कागद चकचकीत खोक्यांतून आले. आमचे बासमतीच्या पोत्यातून. लायसन्स ऑफिसातला क्लार्क बघतच राहिला.

काका म्हणाले, "नवं पोतं आहे!"

*

सुनावणीत समोरच्या वकिलाने काकांना विचारलं, "इथल्या टीव्हीवर तुम्हाला काय आवडत नाही?"

"मी बघत नाही. आमचा टीव्ही कपाटात असतो. कुलूप लावून."

"का?"

"मुलीचा अभ्यास. आमच्या मीनूचा."

"आणि तो कधी संपणार?"

मागून काकू कडाडल्या, "डॉक्टर होईपर्यंत नाही!"

जजसाहेब चष्मा काढून हसले. आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

*

मग दोन वर्षं निकालच नाही. काका दिवसातून तीनदा मेलबॉक्स उघडायचे. पोस्टमन लांबूनच ओरडायचा, "आज पण नाही!" फार वाईट वाटायचं हो. काकू डबल शिफ्ट करायच्या, पण नोकरी का सोडलीत, असं एकदाही बोलल्या नाहीत.

शेवटी पत्र आलं. लायसन्स आपलं! काका ड्राइव्हवेवरच्या बर्फात फतकल मारून बसले आणि ढसाढसा रडले.

*

स्टेशन सुरू व्हायचा दिवस. बटण काकांनीच दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. काकांनी आधी घरी फोन लावला. आम्ही सगळे रिसीव्हरला कान लावून.

"अगं, दिसतंय का?"

"कसं दिसेल? मीनूची परीक्षा शुक्रवारी संपतेय!"