दुसरबीडच्या द्राक्षबागेत ‘हवामान’ हा पर्याय नाही

आधीच सांगून टाकते. इथे टेस्टिंग रूम नाही, रंगीत छत्र्या नाहीत आणि फोटोसाठी मांडून ठेवलेलं लाकडी पिंपही नाही. ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी सरळ नाशिक गाठावं. मी गेले होते बुलढाणा जिल्ह्यात, दुसरबीडजवळच्या एका बागेत. परत येऊन दीड महिना झाला, तरी माझं डोकं तापलेलंच आहे.

जायचं कारण सुनंदा. बुलढाण्याला कॉलेजात असताना आम्ही हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहायचो. ती मोताळ्याची, मी अमडापूरची. मी पुण्यात आले, ती लग्न होऊन इकडे गेली. नवरा चिखलीला शिक्षक, रविवारी तेवढा घरी. बाग ही एकटी बघते. वाइनची द्राक्षं, एका कंपनीशी करार करून लावलेली. मार्च लागला आणि तिचा फोन आला, "तोडणी आली वं. पाह्यची असन तं आताच ये. पुढच्या साली बाग राह्यते का नाई, काई सांगता येत नाई." शेत दिरासोबत सामाईक आहे. यंदा कंपनीनं माल नीट उचलला नाही तर वेली उपटायच्या आणि सोयाबीन पेरायचं, असं दिरानं बजावलं होतं. हे ऐकल्यावर मी घरात कशी बसणार?

पुण्याहून पहाटेच्या गाडीनं जालना, तिथून एसटीनं सिंदखेडराजा आणि पुढे काळी-पिवळीनं दुसरबीड. काळी-पिवळीत मागे बसू नका, गुडघे हनुवटीला लागतात. मुक्कामाची सोय करायची तर जालन्यात करा. दुसरबीडच्या स्टँडवर दहा रुपयांत कडक चहा आणि कढईतून थेट कागदावर येणारी भजी मिळतात, ती मात्र सोडू नका.

बागेत पाय ठेवला तर सुनंदा म्हणाली, "यंदा पाणी उशिरा उतरलं वं." मी लगेच विहिरीत डोकावले. ती पोट धरून हसली. "विहिरीतलं नाई, माय! मण्यातलं!" कडक, हिरवा मणी मऊ पडून रंग धरायला लागतो, त्याला इथे पाणी उतरणं म्हणतात. तिथून पुढे साखर भरते. पुण्याच्या पाण्यानं माझं डोकं पातळ केलं, हा तिचा निष्कर्ष.

मग तिनं सालभराची कथा सांगितली. सप्टेंबरअखेर फळछाटणी व्हायची, पण पाऊस हटेचना. छाटणी महिनाभर लांबली. कोवळ्या फुटीवर पुन्हा पाऊस आला आणि कितीतरी घड जिरून गेले, म्हणजे घडाच्या जागी वेलीचा नुसता तारेसारखा तंतू राहिला. उरलेल्यांवर रोग पडू नये म्हणून हिनं फवारण्या करकरून खांदे सुजवून घेतले. थंडीत ढगाळ, त्यामुळे गोडी रेंगाळली. जी तोडणी फेब्रुवारीत उरकायची ती मार्चमध्ये, गारांच्या तोंडावर आली.

संध्याकाळी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. मण्याच्या रसाचा थेंब यंत्रावर टाकून सुनंदानं गोडी मोजली होती, ती त्यांना कमी वाटली. "आठ दिवस थांबा ताई. साखर भरू द्या, नाहीतर वाइन हलकी होते." ती म्हणाली, "साहेब, इथी आभाळ भरून राह्यलं, त्याचं काय?" तिकडून फोन बंद!

आणि मी शहाणी काय म्हणाले? फोन उघडून दाखवला, "अगं, उद्या स्वच्छ ऊन दाखवतंय. थांब की." सुनंदानं दिवसभर सुटलेल्या दमट वाऱ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "तुझ्या फोनले घाम येते का? मले येऊन राह्यला." दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं बाया बोलावल्या आणि कात्र्या चालू केल्या. मी रुसून झुणका-भाकर खात बसले, मग लाज वाटून क्रेट उचलायला लागले.

चौदा ओळींपैकी नऊ झाल्या. तीनच्या सुमारास आभाळ काळंनिळं झालं आणि गार कोसळली. दहा मिनिटं, फार तर बारा. आम्ही ताडपत्रीखाली क्रेटांना कवटाळून बसलो होतो. उरलेल्या पाच ओळींची पानं चिंध्या होऊन खाली पडली, फुटलेल्या मण्यांतून रस गळत होता. सुनंदा रडली नाही, मी रडले. स्वतःचा इतका राग मला क्वचित आला असेल.

गाडी आली ती तिसऱ्या दिवशी, साहेबांसकट. त्यांनी गोडी मोजली, तोंड वाकडं केलं आणि फॉर्म काढला. ‘साखर कमी असण्याचे कारण’ या रकान्यात तीनच पर्याय होते: रोग, निष्काळजीपणा, शेतकऱ्याची घाई. साहेबांनी ‘घाई’वर खूण केली.

"हवामान कुठी आहे?" सुनंदानं विचारलं.

"तो पर्याय नाही, ताई."

माझा स्फोट झाला. अहो, बाटलीवर ऊन, वारा, माती यांची कौतुकं छापता आणि फॉर्ममध्ये पावसाला जागा नाही? महिनाभर छाटणी अडवली ती हिनं? गार हिनं पाडली? मी आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिता येणार नाही. सुनंदानं मला मागे ओढलं आणि साहेबांना त्या पाच ओळींमधून चालवत नेलं, चपलांना रस चिकटेपर्यंत. मग पेन पुढे केलं. "समासात लिहा, गार. त्याबिगर सही नाई, अन् मालबी नाई." बांधावर दीर उभा होता. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, लिहिल्याबिगर सही करू नका." साहेबांनी लिहिलं. पुढच्या सालच्या कराराचं ‘कळवू’ म्हणाले आणि गेले.

पुण्यात परतल्यावर दुकानातल्या बाटल्यांकडे नुसतं पाहिलं तरी तिडीक उठते. वाइन हलकी लागली की लोक नाक मुरडतात. त्या हलकेपणात एका बाईचा पावसाळा, हिवाळा आणि ते दहा मिनिटांचं आभाळ आहे, हे कोण सांगणार त्यांना?

एप्रिलमध्ये सुनंदाचा फोटो आला, खाली एक अक्षर नाही. बाग बोडकी, वेलींची नुसती खुंटं. केलं, शेवटी दिरानं केलंच! मी फोन लावला आणि त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या. मेल्याला सोयाबीनच गिळायला घाल म्हटलं. दम लागला तेव्हा थांबले.

"झालं?" सुनंदा म्हणाली. "खरड छाटणी आहे वं थे. एप्रिलात असंच कापा लागते. आता उन्हात नव्या काड्या फुटतीन, त्याच्या डोळ्यातच पुढच्या सालचा घड तयार होते. कंपनीचा फोन नाई आला अजून, पण छाटणी त्याहिच्यासाठी थांबते का?"

"मग कापलं कोणी?"

"भाऊजींनी. अन् फोन स्पीकरवर आहे."

मागून कात्रीचा आवाज थांबला. "ताई, अजून काई राह्यलं असन तं बोलून घ्या," दीर म्हणाला, "मंग मी पुढची ओळ धरतो."