बत्तीस सेकंदांचा हिरवा

सत्तरच्या दशकात पिंपरीतल्या आमच्या चौकात आपोआप चालणारा सिग्नल बसला आणि हवालदार सावलीत जाऊन बसला. हवालदार बरा होता. साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली, की सायकलींचा लोंढा बघून आमचा रस्ता जास्त वेळ खुला ठेवायचा. यंत्राला शिफ्ट कळत नव्हती. पहाट असो की साडेतीन, आमच्या बाजूला हिरवा वीस सेकंद. तेवढ्यात निम्म्या सायकलीही जात नसत. माझा टेम्पो मागे धूर खात उभा.

चौकापलीकडच्या कंपनीला मी लेथवर काढलेले बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या, पुरवायचो. सकाळी वीज नसायची, त्यामुळे माल तयार व्हायलाच तीन वाजत, आणि कंपनीचं स्टोअर चारला बंद. दोनदा उशीर झाला, तेव्हा स्टोअरबाबूंनी बजावलं होतं की तिसऱ्यांदा झाला तर ऑर्डर दुसऱ्याला.

आठवडाभर चौकात उभं राहून मी सायकली मोजल्या आणि तो कागद घेऊन सिग्नल बघणाऱ्या नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, यंत्र सगळ्यांना सारखं वागवतं. मी म्हणालो, रस्ते सारखे नाहीत, चाळीस द्या. ते पंचवीसवर आले. मी चाकणच्या बाजारात कांदे विकून वर आलेला माणूस, पहिल्या भावाला उठणारा नव्हे. दोन तास खुर्ची सोडली नाही, आवाजही चढवला. शेवटी ते वैतागले.

"बत्तीस. आता एक सेकंदही वर मागू नका."

चार दिवस मी पावणेचारलाच कंपनीच्या गेटवर होतो. पाचव्या दिवशी माझ्यापुढे नऊ टेम्पो. लांबच्या रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांना आमच्या हिरव्याची बातमी लागली होती. मी उतरून तणतणत पुढे गेलो. सगळ्यांत पुढे माझ्या शेजारच्या गाळ्यातला, तसलेच बुश बनवणारा, त्याच कंपनीच्या मागे लागलेला.

"भाऊ, सिग्नल लई झ्याक करून आणलात. आता आमी रोज ह्याच रस्त्यानं येनार."

"मोजणी मी केली, भांडलो मी. आज मला पुढं जाऊ दे, माझी ऑर्डर जाईल."

"मग हिरव्यावर नाव टाकून घ्यायचं ना, राव."

आणि तो निघून गेला. मी गेटवर पोचलो तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. ऑर्डर त्यालाच मिळाली.

मग रोज साडेतीनला तो माझ्या बत्तीस सेकंदांतून जायचा. मी पुन्हा साहेबांकडे गेलो, परत वीस करा म्हणून. त्यांनी चहा पाजला. सेकंद काही कमी केले नाहीत.