डावीकडची सीट

टेम्पोतला माल मुक्कामावर उतरतो. किस्से उतरत नाहीत, साचत जातात. अंबडच्या टेम्पो स्टँडवर चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "काका, तो गेटवरचा सांगा!" तो शेवटी. आधीचे ऐकल्याशिवाय त्याला चव नाही.

पूर्वी मी देवळाली कॅम्पात एका साहेबांची खासगी जीप चालवायचो. साहेबांची बदली झाली. मी ठरवलं, आता चाकरी बास. छोटा टेम्पो घेतला. धंदा एकच, कारखान्याचा अर्जंट माल. पुण्यात एखाद्या पार्टवाचून मशीन अडलं, की नाशिकहून तो तडक पोचवायचा.

टेम्पो दारात आला. हार घातला, नारळ फोडला. मग कळलं, पिवळ्या नंबरप्लेटची गाडी चालवायला कमर्शियल लायसन लागतं, आणि त्याला आठवी पास लागते. नियम नवाच आला होता. मी चौथी!

* * *

आरटीओबाहेरचा एजंट म्हणाला, "काका, आठवीचा दाखला आणून देतो. शाळा कोणती हवी तेवढं सांगा!"

मी म्हणालो, "चौथीपर्यंत मी स्वतः गेलो. पुढची चार वर्षं माझ्याजागी तू बसला होतास का?"

पुन्हा त्याने मला हाक मारली नाही.

* * *

मग लायसनवाला ड्रायव्हर ठेवला, बबन. मी शेजारी, डावीकडच्या सीटवर. स्टेअरिंगला हात लावायचा नाही, हा माझा मलाच कायदा. पण पाय कुठे ऐकतो? वळण आलं की मी इकडे ब्रेक दाबायचो. पायाखालचा पत्रा वाकला.

बबन म्हणाला, "काका, तुमच्या बाजूचा ब्रेक लय करकचून लागतो. जरा सैल करा!"

* * *

आमचं मुख्य काम एकाच कारखान्याचं. त्याच्या गेटवर नियम होता, गाडीबरोबर ड्रायव्हर आणि क्लीनर, दोघंच आत. मालक बाहेर.

वॉचमन म्हणाला, "बाबा, क्लीनर लिहू का?"

"लिहून तर बघ!"

मी उन्हात उभा राहिलो. बबन एकटा आत गेला आणि भलतीच पेटी घेऊन आला. ते पुण्यात पेटी उघडल्यावर कळलं. कारखान्याच्या मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, "अजून एक चूक, की काम दुसऱ्याला."

* * *

पुढच्याच महिन्यात बबन मावसभावाच्या हळदीला घोटीला गेला, तो चार दिवस आलाच नाही. भरलेला टेम्पो स्टँडवर उभा. सगळे म्हणाले, "चालवा ना काका! कोण बघतंय?"

"मी बघतोय."

शेजारच्या टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून माल पाठवला. घरी येऊन सगळं सांगितलं. बायको, सुमन, भाकरी थापता थापता म्हणाली, "घरात एक दहावी पास माणूस हाय. त्याला कधी विचारलंत?"

* * *

गंगापूर रोडला तेव्हा मोकळे प्लॉट होते. तिथं तिला साहेबांच्या ओळखीतून मिळालेल्या जुन्या जीपवर शिकवलं. पहिल्याच दिवशी गाडी थांबवून म्हणाली, "अहो, तुम्ही ओरडा नाहीतर मी शिकते. दोन्ही एका वेळी नाय जमायचं."

मी खाली उतरलो. ती शिकली. आधी साधं लायसन, वर्षाने कमर्शियल. तोवर परत आलेल्या बबनवरच भागवलं. परीक्षेला इन्स्पेक्टर मलाच विचारत होता, "घाटात उतरताना गियर कोणता?" मी म्हणालो, "मला काय विचारता? मी चौथी पास."

* * *

आता गेटवरचा.

कारखान्याचा फोन आला. पुण्याला लाइन बंद, पेटी ताबडतोब हवी. नाही जमलं तर काम गेलं. बबन पुन्हा कुणाच्या तरी हळदीला. सुमनने पदर खोचला आणि टेम्पो गेटवर आणून उभा केला. पेटी दोघांनी उचलायची, आणि पेटीवरचा नंबर ओळखणारा मीच, म्हणजे या वेळी मला आत जायलाच हवं.

वॉचमनने माझ्याकडे बघत लिहायला घेतलं, "ड्रायव्हर... बाबा तुमचं नाव?"

"ड्रायव्हर ती आहे."

त्याने तिच्याकडे बघितलं. लायसन बघितलं. परत माझ्याकडे बघितलं. "मग तुम्ही?"

मागे दोन ट्रक हॉर्न देत होते. सुमन समोर बघत होती, माझ्याकडे नाही.

मी म्हणालो, "क्लीनर. लिही."

त्याने लिहिलं. मग त्याला आठवलं. "आणि ते मालक? उन्हात उभे राहायचे ते?"

सुमनने गियर टाकला. "त्यांना घरी ठेवून आलोय. दार उघडा!"