मॅन्युएलच्या गाडीचे थरथरते दिवे

उत्तनच्या मॅन्युएल परेराने आठ वर्षांपूर्वी आपली गाडी विकायला काढली आणि ती विकली जाऊ नये म्हणून तेव्हापासून मनापासून कष्ट घेतले.

गाडी जपानी, लाल, दोन माणसांची. जहाजावर नोकरीला असताना, मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून त्याने ती मुंबईत विकत घेतली होती. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असत. बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येत. गाडी चालायची कमी, सांगितली जायची जास्त. इंजिनाला कधी हात लावावा लागला नाही, बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवला तर थेंब सांडत नाही, घोडबंदर रोडवर एका नव्याकोऱ्या जीपला तिने मागे टाकलं होतं. शेजारच्या ॲशलीला हे सगळं तोंडपाठ होतं. गावात मॅन्युएलला जो काही मान होता तो या गाडीमुळे होता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

पण त्याची बायको टेरेझा केक करून विकायची. ऑर्डरी वाढल्या, मोठा ओव्हन घ्यायचा ठरला. त्याला जागा पडवीत, आणि पडवीत गाडी. टेरेझा म्हणाली, गाडी वीक. मॅन्युएल लगेच हो म्हणाला. नाही म्हणून भांडण ओढवून घेण्याइतका तो शूर नव्हता.

त्याची युक्ती सोपी होती. वर आलेला प्रत्येक दिवा एका रबरी टेकूवर बसतो. टेकूचा स्क्रू वर चढवला की दिवा घट्ट, खाली उतरवला की अधांतरी. गिऱ्हाइकाचा फोन आला की मॅन्युएल "जरा साफसफाई करतो" म्हणत पाना घेऊन पडवीत जायचा. मग चौक गावाकडच्या रस्त्यावर पहिला खड्डा आला की दिवे हिवताप भरल्यासारखे थडथडायचे.

"गाडी हिरा हाय," मॅन्युएल दुखऱ्या आवाजात सांगायचा, "पन दिव्यांचा हा रोग. पार्टच मिळत न्हाय."

गिऱ्हाईक निघून जायचं. त्या दिवशी त्याला जेवण दोन घास जास्त जायचं.

परवाच्या रविवारी नवघरहून पराग नावाचा तरुण आला. मॅन्युएलने सकाळीच टेकू उतरवले होते आणि निर्धास्तपणे चर्चमध्ये मिस्साला जाऊन आला होता. पण रस्त्यावर दिवे हलेनात. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. जन्मभर खड्डे चुकवलेला माणूस शोधून शोधून खड्ड्यांत गाडी घालू लागला. दिवे पुतळ्यासारखे स्थिर.

"अंकल, लाइट हलतात असं ऐकलं होतं. हे तर एकदम टाइट आहेत!" पराग खूश झाला.

घरी येताच मॅन्युएल स्वयंपाकघरात घुसला. "गाडीला हात कोनी लावला?"

"मी," टेरेझा अंडी फेटता फेटता म्हणाली. "आठ वर्सं तुला पडवीत चाय आनून देतेय. तू पाना डावीकडे फिरवायचास. तू मिस्साला गेल्यावर मी उजवीकडे फिरवला. रबर झिजलेलं, त्याच्याखाली कुकरची जुनी रिंग कापून घातली. झालं. जा आता, पोरगा वाट बघतोय."

बाहेर ॲशली आणि आणखी चारजण जमले होते. परागने ॲडव्हान्स पाठवायला मोबाइल काढला होता.

"थांब बाबा," मॅन्युएलच्या तोंडून निघालं. "इंजीन दोनदा खोललेलं हाय."

पराग भारावला. "अंकल, आजकाल एवढं खरं कोण सांगतं? मला अशाच माणसाची गाडी हवी होती."

मॅन्युएलने घाईने पुढचा दोष काढला. "सकाळी स्टार्ट होत न्हाय. ढकलावी लागते."

"बॅटरी बदलू."

"बॉनेटवर ग्लास ठेवला तर फुटेल. एवढी हादरते."

"आनि ती जीप?" ॲशलीने डोळे बारीक केले. "मागं टाकलेली?"

मॅन्युएलने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा ॲशलीकडे. "बंद पडलेली होती. टायर बदलत होते."

पाचही जण खो खो हसले. परागचा अंगठा अजून मोबाइलवरच होता. तेव्हा मॅन्युएलने गाडीचं दार उघडलं आणि वाकून ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली. गंजून पडलेल्या भोकातून खालची पडवीची फरशी स्पष्ट दिसत होती.

परागने मोबाइल खिशात टाकला. "घरी विचारून सांगतो," म्हणाला आणि गेला.

गाडी वाचली. टेरेझा चिडली नाही. दारात उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं. "ठेव तुझी गाडी," ती म्हणाली, "पन बाहेर ठेव. उद्या ओव्हन येतोय."

मॅन्युएल स्टिअरिंगवर बसला. चावी त्याने खिशातून काढलीच नाही. ॲशलीने बाह्या सरसावल्या, बाकीच्यांना गाडीच्या मागे घेतलं आणि तो सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "चला रे, हिरा ढकला!"